निकालाआधीची धावपळ

पालकहो, दहावीची परीक्षा संपली की आमच्या आळीतली माणसं माझ्याकडे येतात. "भाऊ, पोराचं पुढं काय करायचं?" मी म्हणतो, त्याला विचारलंत का? पोरगा दारात मुका उभा असतो.

१९०७ साली बाबासाहेब मॅट्रिक झाले. रामजी सुभेदारांची ओढाताण होती, पण पाठीशी केळुसकर गुरुजी होते. त्यांच्याच खटपटीने पुढे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची मदत मिळाली. जाणत्या माणसाला विचारण्यात कसला कमीपणा? सातपूरच्या आयटीआयमध्ये मुलाला नेऊन यंत्रं दाखवा. मुलीलाही न्या.

आणि कागद! व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या राखीव जागेला जातवैधता प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. म्हणजे आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला गावाहून आणायचा. सख्ख्या चुलत्याकडे वैधता असेल तर तीही कामी येते. भाऊबंदकीचा अबोला तेवढ्यापुरता सोडा.

गेल्या साली शेजारच्या मुलीची पदविकेची जागा याच कागदापायी गेली. तिचा बाप निकालानंतर गावी गेला होता. यंदा ती पुन्हा अर्ज भरते आहे. दाखला मात्र मार्चमध्येच आणून ठेवलाय.