पोवळ्याचे कलम

बऱ्हाणपूरकरांना समुद्र लांबचा. पोवळे म्हटले की आपल्याला आठवते ती मंगळाची अंगठी, नाहीतर वैद्यांची प्रवाळपिष्टी. पण सोनाराकडचे लाल पोवळे निराळे. ते बहुतेक भूमध्य समुद्राकडून येते. येथे बोलायचे आहे ते खडक बांधणाऱ्या प्रवाळाविषयी. हा झाड नव्हे, दगडही नव्हे, तर प्राणी आहे. गंमत अशी की, गुलाबासारखे त्याचे कलम करता येते. तुकडा मोडून दुसऱ्या खडकाला लावला तर तो तेथे वाढतो.

परदेशांत हौशी लोक खाऱ्या पाण्याच्या काचेच्या टाकीत असे तुकडे लावतात. आपल्याकडे मात्र २००१ साली हे प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आले. ते समुद्रातून काढणे वा त्याचा व्यापार करणे हा गुन्हा आहे. सरकारी परवानगीने हेच काम प्रत्यक्ष समुद्रात झाले आहे. मुंबईच्या सागरी किनारा रस्त्याच्या वाटेत वरळी व हाजी अली येथील खडकांवर प्रवाळ आढळले. नोव्हेंबर २०२० मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या देखरेखीखाली अशा १८ वसाहती दुसरीकडे हलवण्यात आल्या. मुंबईच्या गढूळ पाण्यात प्रवाळ असतात, हेच अनेक मुंबईकरांना तेव्हा प्रथम कळले! मालवणच्या समुद्रातही प्रवाळाचे तुकडे रोवण्याचे प्रयोग झाले आहेत.

आता ते चिकटते कसे? प्रवाळाचा एकेक जीव बहुधा काही मिलिमीटरचाच असतो. पाण्यातील कॅल्शियम व कार्बोनेट घेऊन तो आपल्या तळाशी चुन्याचा थर घालतो. आपल्या कुंडी भंडाऱ्यात उतरलेल्यांनी भिंतींवर साचलेला चुना पाहिला असेल. तेथे चुना पाण्यातून आपोआप सुटतो, येथे तो जीव स्वतः लिंपतो. पण लाटेने तुकडा रोज हलत राहिला तर नव्या मांसाची कोवळी कड खडकाला घासून फाटते आणि लिंपण कधी पुरे होत नाही. गोंदाचे काम एवढेच, की प्राण्याचे स्वतःचे लिंपण होईपर्यंत तुकडा हलू द्यायचा नाही.

टाकीसाठी वापरतात तो गोंद आपल्या फेव्हिक्विकच्याच जातीचा, सायनोअ‍ॅक्रिलेट. फक्त जेलसारखा दाट. ओलाव्यानेच तो घट्ट होतो, म्हणून ओल्या दगडावर चालतो. मात्र पाण्यात जाताच त्यावर कातडी धरते, आणि मग तो खडकाला नीट लागत नाही. यावर युक्ती अशी: तुकड्याच्या बुडाला गोंद, त्यावर दोन भाग मळून केलेली इपॉक्सीची लुकण (गळक्या नळाला लावतो तशी, पण माशांना अपाय न करणारी), आणि पुन्हा गोंद. मग तो खडकावर दाबून किंचित पिळायचा, म्हणजे कातडी फुटून आतला ताजा गोंद बाहेर येतो. लुकण जड पोकळी भरते, पण तिची पकड कमी. गोंदाची पकड पक्की, पण तो पोकळी भरत नाही. म्हणून दोघांची जोडी.

त्याआधी खडकावरचे शेवाळ खरवडून काढावे लागते, नाहीतर गोंद शेवाळाला चिकटतो, खडकाला नव्हे! गोंद फक्त उघड्या सांगाड्याला लावायचा. जिवंत मांसावर पडला तर तेवढा भाग मरतो. मऊ प्रवाळांची गोष्ट वेगळी. त्यांना कठीण सांगाडा नसतो, अंगावर बुळबुळीत स्राव असतो आणि गोंद सुटून येतो. त्यांना खडीच्या तुकड्यांवर ठेवून वर सैल जाळी बांधतात. काही दिवसांत ते स्वतःच खडी धरतात. मग ती खडी खडकाला चिकटवायची.

यानंतर काही आठवडे वाट पाहायची, कधी महिनेही लागतात. हलवून पाहण्याचा मोह आवरला पाहिजे. बुडाशी पातळ, रंगीत कड पसरून गोंदावर चढू लागली, की कलम लागले.