गोंधळलेल्या चेहऱ्याचा बादशहा : एडवर्ड एव्हरेट हॉर्टन

फ्रेड अस्टेअर आणि जिंजर रॉजर्सचा 'टॉप हॅट' (१९३५) पाहिलाय? त्यातला सतत धांदरटपणा करणारा, बायकोला टरकून असलेला निर्माता होरेस म्हणजे हा हॉर्टन! सिनेमातला सगळा घोळ होतो तो नायिका नायकालाच होरेस समजते म्हणून.

जन्म १८८६, ब्रुकलिन. सुरुवात रंगभूमीवर, मग १९२०च्या दशकात मूकपट. बोलपट आले आणि त्याच्या चाचरत्या, काळजीने भरलेल्या आवाजाला खरा भाव आला. दिग्दर्शक लुबिचचा 'ट्रबल इन पॅराडाइज' (१९३२), दिग्दर्शक काप्राचे 'लॉस्ट होरायझन' (१९३७) आणि 'आर्सेनिक अँड ओल्ड लेस' (१९४४)... यादी मोठी आहे.

त्याचं हुकमी अस्त्र म्हणजे 'डबल टेक'. समोरचा काहीतरी भयंकर बोलतो, हा हसून मान डोलावतो, आणि दोन क्षणांनी अर्थ डोक्यात शिरला की चेहरा खर्रकन उतरतो! वेळेचं गणित इतकं चोख की शब्दांची गरजच पडत नाही.

गंमत म्हणजे पुढच्या पिढीने त्याला आधी ऐकलं, मग पाहिलं. १९५९पासून 'रॉकी अँड बुलविंकल' या कार्टून मालिकेतल्या उलट्यापालट्या परीकथांचा निवेदक तोच होता. १९७०मध्ये तो गेला. त्याचा 'कोल्ड टर्की' हा सिनेमा मात्र पडद्यावर आला त्यानंतर, १९७१मध्ये.

नायक क्वचितच, पण सिनेमात तो असला की निम्मा हशा त्याचाच. सुरुवात 'टॉप हॅट'पासून करा. तुमचा आवडता चरित्र-विनोदवीर कोण?