शिअर पिन: तुटायलाच हवी, पण वेळेवर

२०२५च्या ऑक्टोबरमध्ये उत्तर प्रदेशातल्या कुशीनगर जिल्ह्यात इन-स्पेस या केंद्र सरकारच्या अंतराळ संस्थेची विद्यार्थी रॉकेट स्पर्धा झाली आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या रॉकेटवेड्यांना नवं बळ मिळालं. हाय-पॉवर रॉकेटमध्ये बहुधा दोन पॅराशूट असतात: लहान सर्वोच्च बिंदूवर उघडतं, मोठं जमिनीजवळ आल्यावर. नोजकोन आणि नळी यांच्या सांध्यात आडवे बसवलेले नायलॉनचे बारीक स्क्रू म्हणजे शिअर पिना. लहान पॅराशूटच्या हिसक्याला त्यांनी टिकायचं आणि मोठ्याचा चार्ज, म्हणजे त्याला बाहेर काढणारा छोटा स्फोट, उडताच तुटायचं. त्या निवडताना काही गैरसमज हमखास आढळतात.

गैरसमज: पिन जितकी जाड, तितकं रॉकेट सुरक्षित.

वस्तुस्थिती: हिशेब करून पाहा. नोजकोन ५०० ग्रॅमचा आणि हिसका गुरुत्वाकर्षणाच्या ५० पट धरला, तर सांध्यावर सुमारे २५ किलोचा ताण येतो. एम-२, म्हणजे २ मिलिमीटर व्यासाचा, नायलॉन स्क्रू कोरडा असताना साधारण १२ किलोला तुटतो. तीन लावले की ३६ किलो. १० सेंटिमीटर व्यासाच्या नळीत चार्जने दर चौरस सेंटिमीटरला १ किलो दाब निर्माण केला, तर नोजकोनवर ७८ किलोंचा जोर येतो. म्हणजे पिना हिसक्याला टिकतात, चार्जने तुटतात. आता त्याच जागी तीन एम-३ लावा. तुटायला ९३ किलो लागतील, मोठं पॅराशूट आतच राहील आणि रॉकेट नुसत्या लहान पॅराशूटवर वेगाने जमिनीवर आदळेल.

गैरसमज: एम-३ हा एम-२च्या दीडपट मजबूत.

वस्तुस्थिती: अडीचपट. पिन तुटते ती आट्यांच्या आतल्या गाभ्याशी, आणि ताकद त्या गाभ्याच्या क्षेत्रफळावर ठरते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सर्किट बोर्डासाठीचे एम-३ सहज मिळतात म्हणून तेच वापरू नका. पिनांच्या ताकदीच्या परदेशी तक्त्यांतला २-५६ हा स्क्रू एम-२च्या जवळचा, पण किंचित जाड असतो.

गैरसमज: तक्त्यातला आकडा सगळीकडे लागू.

वस्तुस्थिती: नायलॉन हवेतला ओलावा शोषतं, पाण्यात पूर्ण मुरल्यावर वजनाच्या ८ टक्क्यांपर्यंत. ओलावलेलं नायलॉन चिवट होतं, पण त्याची ताकद पाव हिश्श्याहून अधिक घटू शकते. नवी मुंबईतल्या सीवूड्ससारख्या खाडीकाठच्या वस्तीत जुलैत उघड्यावर राहिलेल्या तीन एम-२ पिनांचे ३६ किलो २७वर येतात, म्हणजे २५ किलोच्या हिसक्यापुढे जेमतेम. उलट, पावसाळ्यात तपासलेल्या पिना कोरड्या माळावर जास्त ताकदीच्या निघतील आणि चार्ज अपुरा पडू शकेल. पिना सिलिका जेल घालून बंद डब्यात ठेवा आणि ज्या अवस्थेत उडवणार, त्याच अवस्थेत तपासा.

गैरसमज: पिना लावल्या की नळीला भोक नको.

वस्तुस्थिती: १ किलोमीटर उंचीवर बाहेरचा दाब सुमारे ११ टक्क्यांनी उतरतो. नळी हवाबंद असेल, तर आतली हवा १० सेंटिमीटर व्यासाच्या नोजकोनला ९ किलोच्या जोराने बाहेर ढकलते. हवा निघायला छोटं भोक हवंच.

गैरसमज: सांधा सैल असला तरी पिन सांभाळून घेते.

वस्तुस्थिती: सैल सांध्यात पिन कापली न जाता वाकते आणि फटीत अडकते. पुठ्ठ्याच्या नळीत तर भोकच लांबट होतं. तिथे भोकाच्या कडेला पातळ पितळी पट्टी बसवतात. पिना समान अंतरावर लावाव्यात, नाहीतर नोजकोन तिरका होऊन अडकतो. धातूचा स्क्रू पर्याय म्हणून कधीच नको.

गैरसमज: न तुटलेली पिन पुन्हा चालते.

वस्तुस्थिती: एकदा ताण सोसलेल्या पिनेचा भरवसा नाही. दर उड्डाणाला नवी पिन.

पिनेची ताकद घरीही मोजता येते. एकमेकांवर सरकणाऱ्या दोन पट्ट्यांत एक पिन अडकवा, खाली बादली टांगा आणि पिन तुटेपर्यंत पाणी ओता. बादलीसकट वजन करा. निदान पाच पिना तोडा आणि सर्वांत कमी व सर्वांत जास्त असे दोन्ही आकडे पिनांच्या संख्येने गुणून लिहून ठेवा: हिसका कमी आकड्याच्या आत हवा, चार्ज जास्त आकड्याला पुरून उरायला हवा. चार्जची चाचणी मात्र परवानगी असलेल्या जागी, जाणकारांच्या देखरेखीखालीच करा. आणि सीवूड्सच्या मैदानातून उड्डाणाचा विचारही नको. नवी मुंबईचा विमानतळ जवळच आहे.