दोन वॉटचा गोंगाट

भिवंडीच्या दक्षिणेला अंजूर, काल्हेर, पूर्णा, राहनाळ हा सगळा पट्टा आता गोदामांचा. भाताची खाचरं होती तिथे पत्र्याच्या उंच शेड उभ्या आहेत, रस्त्यावर कंटेनर आणि कंटेनरांच्या मधल्या फटीतून वाट काढणाऱ्या मोटारसायकली. पाळी सुटली की त्यातल्या दोन-चार गाड्या बाकीच्यांपेक्षा वेगळ्या ऐकू येतात. जाळी काढलेली, सायलेन्सर ‘मोकळा’ केलेला. कोल्हापूर-साताऱ्याकडे याला ‘पुंगळी काढली’ म्हणतात, इकडे ‘फटाका सायलेन्सर’ हा शब्द जास्त चालतो. कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: ‘पिकअप वाढतो.’

चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेला (1737 ते 1739) साथ देणारे गंगाजी नाईक याच अंजूरचे. त्या मोहिमेत मोठा आवाज म्हणजे मोठी ताकद हे समीकरण बरोबर होतं, कारण तिथे तोफा होत्या. मोटारसायकलच्या बाबतीत ते कितपत खरं आहे, हे गणिताने तपासता येतं.

आपल्याकडे 2005 पासून लागू झालेल्या नियमांनुसार कारखान्यातून निघणाऱ्या 80 ते 175 सीसीच्या दुचाकीला 77 डेसिबल आणि त्यावरच्या गाडीला 80 डेसिबलची मर्यादा आहे. मोजमाप साडेसात मीटरवरून होतं. समजा, सायलेन्सर बदललेल्या एका बुलेटचा आवाज तेवढ्याच अंतरावर 97 डेसिबल भरला. डेसिबलचं माप दहाने वाढलं की ध्वनीची ऊर्जा दहापट होते, म्हणजे 80 च्या मर्यादेवर 17 डेसिबलची ही वाढ सुमारे पन्नासपट झाली. पन्नासपट कशाची, ते पाहायला हवं. 97 डेसिबलला दर चौरस मीटरमागे ध्वनीची शक्ती साधारण 0.005 वॉट असते. गाडीभोवती साडेसात मीटर त्रिज्येचा अर्धगोल कल्पिला, तर त्याचं क्षेत्रफळ सुमारे 353 चौरस मीटर. गुणाकार केला की उत्तर येतं पावणेदोन वॉट. धरा दोन.

आख्खी आळी जागी करणारा तो धडधडाट म्हणजे एका इवल्याशा एलईडी दिव्याएवढी शक्ती. 350 सीसीच्या आताच्या बुलेट-क्लासिकचं इंजिन 20 अश्वशक्तीच्या आसपास, म्हणजे जवळपास 15,000 वॉट देतं. आवाज दाबून कंपनीने गाडीची ताकद अडवून ठेवली असती आणि ती सगळी परत मिळाली असती, तरी पदरात दोन वॉट पडले असते. मानवी कान विलक्षण हळवा आहे, एवढंच त्या आवाजातून सिद्ध होतं.

मग शर्यतीच्या गाड्यांना लाखभर रुपयांचे एक्झॉस्ट का बसवतात? कारण धुराची नळी खरोखरच इंजिनाचा भाग असते, फक्त ती आवाजातून काम करत नाही, वेळेतून करते.

पेट्रोल जळून झालं की एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो आणि दाबलेला गरम वायू धक्क्यासरशी बेंड पाइपात शिरतो. त्या धक्क्याची लाट तापलेल्या वायूतून सेकंदाला 500 ते 600 मीटर वेगाने पुढे जाते. नळी जिथे एकदम रुंद होते किंवा संपते, तिथून ती परत फिरते, पण उलटी होऊन: दाबाची लाट गेलेली असते, कमी दाबाची परत येते. ही परतीची लाट नेमकी व्हॉल्व्ह मिटण्याच्या सुमाराला पोचली, तर सिलिंडरमधला उरलासुरला धूर ओढून घेते आणि त्या ओढीने ताजं मिश्रण थोडं जास्त आत येतं. फुकटची फुंकर म्हणा ना. उशिरा किंवा लवकर पोचली तर फायदा नाही, उलट कधीकधी तोटा.

उदाहरणापुरतं धरू, की क्रँक 120 अंश फिरेपर्यंत लाट परत यायला हवी. मिनिटाला 6,000 फेऱ्यांवर त्याला 3.3 मिलिसेकंद लागतात. तेवढ्या वेळात लाट 1.8 मीटर जाते. जाऊन-येऊन, म्हणजे नळी हवी 90 सेंटिमीटर. आता हीच गाडी 3,000 फेऱ्यांवर आणा. लाट तेवढ्याच वेळात परत येते, पण इंजिन तोवर 60 अंशच फिरलेलं असतं. पाहुणा दार उघडायच्या आधीच येऊन गेला! म्हणूनच कुठलीही नळी सगळ्या वेगांना सारखी लाभत नाही. वरच्या फेऱ्यांना जुळवली की खाली खड्डा पडतो, खाली जुळवली की वर दम कमी. शर्यतीचा गडी गाडी सतत वरच्या फेऱ्यांवर ठेवतो, त्याला खालच्या खड्ड्याचं सोयरसुतक नसतं. माणकोली नाक्यावर कंटेनरमागे दुसऱ्या गिअरात रखडणाऱ्याला मात्र नेमका तोच भाग लागतो.

हे कोडं पुण्याच्या बजाज ऑटोने आपल्या पद्धतीने हाताळलं होतं. लहान एकसिलिंडर चारस्ट्रोक गाड्या खालच्या फेऱ्यांवर मरगळतात अशी तक्रार होती. 2005 च्या सुमारास पल्सर, डिस्कव्हर अशा गाड्यांच्या बेंड पाइपाला, इंजिनापासून जवळच, मुठीएवढी एक बंद डबी जोडलेली दिसू लागली. नाव ‘एक्झॉस्टेक’. दाबाची लाट त्या डबीत शिरते, तिथून परतते, आणि खालच्या-मधल्या फेऱ्यांवर जो खड्डा पडला असता तो थोडा भरून निघतो. कंपनीने त्याचं पेटंट घेतलं. गंमत अशी, की पिकअप वाढवायचा म्हणून पोरं बेंड पाइप बदलून सरळ, जाड पाइप लावत आणि पिकअपसाठीच बसवलेली ती डबी भंगारात टाकत.

धुराच्या नळीची खरी जादू पाहायची तर टूस्ट्रोककडे जावं लागतं. तिथे एक्झॉस्टला व्हॉल्व्हच नसतो, सिलिंडरच्या भिंतीत नुसतं भोक. धुराबरोबर ताजं मिश्रणही पळून जातं. पूर्व जर्मनीत चोपाउ इथल्या एमझेड कारखान्यात वॉल्टर काडेन या अभियंत्याने 1950 च्या दशकात यावर काम केलं: नळी आधी फुगत जाणारी, मग निमुळती होत जाणारी. फुगत्या भागाने धूर ओढायचा आणि निमुळत्या भागाने लाट परत ढकलून पळालेलं मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये कोंबायचं. 1961 मध्ये त्यांच्या 125 सीसी इंजिनाने 25 अश्वशक्ती दिली, लिटरमागे 200. सुपरचार्जर नसलेल्या इंजिनाने तोवर एवढी मजल मारली नव्हती. त्याच वर्षी स्वीडनच्या शर्यतीदरम्यान त्यांचा स्वार अर्न्स्ट डेगनर पश्चिमेकडे पळाला आणि ही विद्या घेऊन सुझुकीकडे गेला. पुढच्याच वर्षी सुझुकी 50 सीसीत जगज्जेती झाली, स्वार अर्थातच डेगनर. गावोगावी ज्या आरएक्स 100 साठी लोक आजही वाट्टेल ती किंमत मोजतात, तिच्या सायलेन्सरमागेही हेच लाटांचं शास्त्र आहे. टूस्ट्रोकचा पाइप कापून आखूड करणं म्हणजे इंजिनाचा एक अवयव कापणं.

गॅरेजांत एक वाद कायम चालतो, ‘बॅक प्रेशर’ लागतं की नाही? इंजिनाला मागून सततचा दाब कधीच नको असतो. पण जाड पाइप लावला की धुराचा वेग पडतो, लाटेचं वेळापत्रक बिघडतं, गाडी खाली मरगळते आणि मिस्त्री म्हणतो, बॅक प्रेशर गेलं. निदान बरोबर, कारण चुकीचं.

कार्बोरेटरच्या काळात सायलेन्सर बदलला की जाणता मिस्त्री प्लग काढून बघायचा. टोक चहाच्या रंगाचं असेल तर ठीक, पांढरंफटक असेल तर पेट्रोल कमी पडतंय, मग जेट बदल. 1 एप्रिल 2020 पासूनच्या बीएस-6 गाड्यांत हे काम इसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, करतो. नळीतला ऑक्सिजन सेन्सर त्याला धुराची खबर देतो आणि तो हवा-पेट्रोलचं प्रमाण 14.7 ला 1 च्या आसपास धरून ठेवतो, कारण त्याच प्रमाणावर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट चालतो. हा कन्व्हर्टर म्हणजे मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी, तिच्यावर प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियम यांचा पातळ मुलामा. कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं पेट्रोल आणि नायट्रोजनची ऑक्साइडं तिथे निवळतात. बऱ्याच गाड्यांत तो बेंड पाइपात किंवा सायलेन्सरमध्येच असतो. सायलेन्सर मोकळा केला की अनेकदा तोही जातो, आणि मागच्या गाडीवाल्याच्या नाकात काय जातं ते डोळ्यांना दिसत नाही. चालत्या गाडीचा किल-स्विच दाबून-सोडून फटाके फोडण्याची तऱ्हा त्याहून वाईट. न जळलेलं पेट्रोल गरम नळीत साठून पेटतं, तोच तो फटाका. कन्व्हर्टर जागेवर असेल तर त्या उष्णतेने वितळूही शकतो.

बरं, सगळं शास्त्रशुद्ध केलं, पाइप, फिल्टर, इसीयूचं ट्युनिंग, आणि समजा शक्ती पाच टक्के वाढली. तरी जास्तीत जास्त वेग किती वाढेल? हवेचा विरोध तोडायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाने वाढते. ताशी 100 धावणारी गाडी 101.6 धावेल. तो दीड किलोमीटर अंजूरफाट्याच्या खड्ड्यांत कुठे वापरायचा, हा प्रश्न ज्याचा त्याने सोडवावा. टायटॅनियमच्या महागड्या सायलेन्सरने गाडी काही किलोंनी हलकी होते, हा फायदा मात्र निर्विवाद. पण पंजाब किंवा इंदोरी सायलेन्सर घेणारा वजनासाठी घेत नाही.

मोटार वाहन कायद्याचं कलम 52 असा फेरफार करू देत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 182-अ खाली मालकाला दर बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि आवाज-धुराच्या कलम 190 (2) खाली पहिल्याच वेळी दहा हजारांपर्यंत दंड किंवा कैद किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने परवाना निलंबित. जप्त सायलेन्सरांवर रोडरोलर फिरवल्याचे फोटो आपण पाहतोच.

गाडी खरोखर ओढत नसेल तर आधी टायरमधली हवा बघा, साखळीला तेल द्या, एअर फिल्टर झटका, प्लग पुसा आणि टॅपेट सेट करून घ्या. गोदामांच्या धुळीत फिल्टर लवकर तुंबतो. गेलेला पिकअप बहुतेक वेळा तिथेच सापडतो, तोही सायलेन्सरच्या किमतीपेक्षा कितीतरी कमी पैशात.