नदीच्या प्राणवायूचा हिशेब

वणी शहराची वस्ती 2011 च्या जनगणनेनुसार सुमारे 59 हजार. माणशी दररोज 135 लिटर पाणी हे शहरी पुरवठ्याचे रूढ प्रमाण धरले आणि त्यातील चार-पंचमांश पाणी न्हाणी, मोरी व संडास यांवाटे बाहेर पडते असे मानले, तर एवढ्या वस्तीचे सांडपाणी रोज साठ लाख लिटरांच्या वर जाते. उताराने ते निर्गुडेकडे धाव घेते. निर्गुडा वर्धेला मिळते. पुढे वढा-जुगादजवळ वर्धेला पैनगंगा मिळते, आणि वैनगंगेशी संगम झाल्यावर तीच प्राणहिता होऊन गोदावरीत जाते. मोरीचे तोंड वणीत असले तरी तिचा शेवट वणीत नाही.

वाहते पाणी आपोआप शुद्ध होते, हा समज अगदीच निराधार नाही. नदीतील जीवाणू घाण खातात. परंतु तसे करताना पाण्यात विरघळलेला प्राणवायू ते वापरून टाकतात. घरगुती सांडपाण्यास लिटरमागे साधारण 250 मिलिग्रॅम प्राणवायू लागतो असे धरल्यास साठ लाख लिटरांची मागणी दीड हजार किलो होते. उन्हाळ्यात, पाणी तीस अंशांवर तापलेले असता, एका लिटरात जेमतेम साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. याचा अर्थ एका दिवसाच्या घाणीपायी वीस कोटी लिटर नदीचा संपूर्ण श्वास खर्ची पडतो. हवेतून त्याची काही भरपाई होते हे खरे; पण वैशाखात निर्गुडेची धार बारीक झालेली असताना ती कितपत पुरणार? आधी मासे मरतात, मग पाण्याला वास येतो.

शुद्धीकरण केंद्र करते ते एवढेच की, जीवाणूंचे हे जेवण नदीऐवजी टाकीत उरकून घेते. चाळण्यांनी चिंध्या व कचरा अडवावा, वाळू खाली बसू द्यावी, जड गाळ निवळू द्यावा आणि उरलेल्या पाण्यात यंत्राने हवा घालावी. निवळलेल्या गाळातील जीवाणूंचा काही भाग पुन्हा हवेच्या टाकीत सोडावा, म्हणजे कामकरी कमी पडत नाहीत. ही युक्ती आर्डर्न व लॉकेट यांनी 1914 साली मँचेस्टर येथे मांडली आणि जगभर ती आजही चालते. प्रक्रियेनंतर प्राणवायूची मागणी लिटरला 30 मिलिग्रॅमवर, म्हणजे 1986 च्या पर्यावरण नियमांतील सर्वसाधारण मर्यादेवर आणली, तर दीड हजार किलोंचे 180 किलो होतात. स्नानाच्या पाण्यासाठी मात्र ही मागणी 3 मिलिग्रॅमच्या आतच हवी, तेव्हा नदीत पुरेसे पाणी राहणेही आवश्यकच. रोगजंतूंसाठी शेवटी निर्जंतुकीकरण वेगळे करावे लागते. कार्तिकात वढ्याच्या संगमावर स्नान करणाऱ्या यात्रेकरूच्या दृष्टीने हा टप्पा सर्वांत महत्त्वाचा. (खाणींतून उपसलेले पाणी हा निराळा विषय आहे, त्यातील क्षार ही केंद्रे काढत नाहीत.)

विदर्भात या विद्येचा दुष्काळ नाही. सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची केंद्रीय संशोधन संस्था, आजची नीरी, 1958 पासून नागपुरातच आहे. जलप्रदूषणाचा केंद्रीय कायदाही 1974 चा आहे. अडचण दुसरीकडेच असते. टाक्या बांधून होतात, पण घरांची मलवाहिनी भुयारी गटारास जोडलेली नसते आणि सांडपाणी उघड्या नाल्यानेच नदी गाठते. हवा घालणारी यंत्रे रात्रंदिवस वीज खातात. ती दीर्घकाळ बंद राहिली तर प्राणवायूवाचून जीवाणूंची वस्ती मरते आणि नवी वाढण्यास अनेक दिवस जातात. बांधकामास अनुदान मिळते, उद्घाटनास पाहुणे मिळतात. वीजबिल मात्र दरमहा नगरपरिषदेच्या दारात येते.

नागपूरने यावर एक व्यवहारी तोड काढली. भांडेवाडी येथे शुद्ध केलेले सांडपाणी कोराडीच्या औष्णिक वीज केंद्रास पुरविण्यात येते, त्यामुळे त्या केंद्राचा गोड्या पाण्यावरील भार हलका होतो आणि शुद्ध केलेल्या पाण्याला किंमत येते. वणीच्या आसमंतात कोळशाच्या खाणी आहेत, पलीकडे चंद्रपूरचे वीज केंद्र आहे. धूळ दाबण्यास, यंत्रे थंड ठेवण्यास त्यांना पाणी लागतेच, आणि ते पिण्याजोगे असण्याचे काहीच कारण नाही.