उतारावरचा गुडघा

मी साताऱ्यात फिजिओथेरपी करते. हिल मॅरेथॉनचा सराव रंगात आला की एकच तक्रार वाढते: “मॅडम, यवतेश्वरचा घाट चढताना काही होत नाही, उतरताना गुडघा दुखतो.” साहजिकच आहे. उतारावर मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच वेग आवरत असतात आणि गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडावर जोरात दाबली जाते. सपाटीवर धावतानाही जमिनीकडून पायाला साधारण वजनाच्या दोन ते तीन पट बल मिळतं; म्हणजे साठ किलोच्या माणसाला १२० ते १८० किलोचा भार, तोही दर पावलाला.

म्हणून मी आधी बूट नाही, धावणं बघते. ट्रेडमिलवर धावायला लावून मोबाइलवर सेकंदाला २४० चित्रांच्या वेगाने बाजूने आणि मागून चित्रण करते. पाऊल शरीराच्या फार पुढे पडतंय का? एका पायावर भार असताना दुसऱ्या बाजूची कंबर खाली झुकतेय का?

पाऊल पुढे पडत असेल, तर वेग तोच ठेवून पावलं जवळ टाकायला सांगते. मिनिटाला १६० पडत असतील तर १७०. ब्रायन हायडरशाइट आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखवलं, की पावलांची गती पाच ते दहा टक्के वाढवली तरी गुडघ्यावरचा भार घटतो. एवढा स्वस्त उपाय मला दुसरा माहीत नाही! मात्र एका आठवड्यात अंतर दुप्पट केलेलं असेल, तर चित्रणाआधी मी सरावाची वही मागते.