निम्म्या झालेल्या वर्गाचं कोडं

अंधेरीहून घाटकोपरला निघालेली मेट्रो साकीनाक्याला थांबते, तो भाग पालिकेच्या ‘एल’ विभागात, म्हणजे कुर्ल्याच्या हद्दीत येतो. या विभागातल्या शाळांमध्ये २००१ ते २००३ दरम्यान एक प्रयोग झाला. लहान मुलांना कसं शिकवावं यावर वाद घालणाऱ्या प्रत्येकाने तो माहीत करून घ्यावा असा आहे.

‘प्रथम’ ही संस्था तेव्हा पालिका शाळांत ‘बालसखी’ नावाचा उपक्रम चालवत होती. तिसरी-चौथीत पोचूनही वाचताना अडखळणारी, साध्या बेरजेला बिचकणारी पंधरा-वीस मुलं वर्गातून वेगळी काढायची आणि वस्तीतल्याच एखाद्या ताईकडे सोपवायची. शाळा चार तासांची. त्यातले दोन तास ताईकडे, दोन तास आपल्या बाईंकडे. ताईचं स्वतःचं शिक्षण बहुधा शाळेपुरतं, प्रशिक्षण दोन आठवड्यांचं. खोली मिळाली तर ठीक, नाहीतर व्हरांडा किंवा मैदान आहेच. शिकवायचं काय? पहिली-दुसरीत जे यायला हवं होतं तेवढंच.

याचा उपयोग होतो का, हे तपासायला अभिजित बॅनर्जी, एस्थर दुफ्लो, शॉन कोल आणि ली लिंडन हे अर्थतज्ज्ञ आले. (बॅनर्जींचा जन्म मुंबईचा आणि आई माहेरची पाटणकर, हे आपल्याकडे २०१९च्या नोबेलनंतर आवर्जून सांगितलं गेलं.) कुठल्या शाळेत कुठल्या इयत्तेला बालसखी द्यायची हे त्यांनी लॉटरीने ठरवलं. औषधाची चाचणी घेतात तशीच ही पद्धत. वडोदऱ्यातही असाच प्रयोग चालू होता.

दुसऱ्या वर्षाअखेर, दोन्ही शहरं मिळून, बालसखी असलेल्या वर्गांची सरासरी ०.२८ प्रमाण विचलनाने वर गेली. ढोबळमानाने सांगायचं तर शंभरात बरोबर मधोमध असलेलं मूल ३९व्या क्रमांकाच्या आसपास पोचलं. ताईकडे प्रत्यक्ष बसलेल्या मुलांची प्रगती याच्या दुपटीहून जास्त, सुमारे ०.६.

खरी गंमत मात्र वर्गात उरलेल्या मुलांची आहे. दिवसाचा अर्धा वेळ त्यांचा वर्ग लहान झाला होता, मागे पडलेली मुलं बाहेर गेली होती, समोर डी.एड. झालेल्या बाई होत्या. पालकसभेत आपण जे जे मागतो ते सगळं आयतं मिळालं. त्यांच्या गुणांत फरक पडला जवळजवळ शून्य!

बाईंना दोष देण्यात अर्थ नाही. तिसरीच्या बाईंना तिसरीचा पोर्शन पुरा करायचा असतो, मुलं पंचवीस असोत की पन्नास. पुस्तक ठरलेल्या वेगाने पुढे जातं आणि पहिलीत सुटलेला धागा सुटलेलाच राहतो. ताईवर पोर्शनचं ओझं नव्हतं. मूल जिथे अडलंय तिथे तिला थांबता येत होतं.

वडोदऱ्याने यात आणखी भर घातली. तिथे चौथीच्या मुलांना आठवड्याला दोन तास संगणकावर गणिताचे खेळ दिले. मुलाला जमेल तशी गणितं सोपी-अवघड होत जायची. गणितात वाढ झाली ०.४७, म्हणजे यंत्रही ताईसारखंच मुलाच्या पायरीवर उतरत होतं. खर्च मात्र दर मुलामागे वर्षाला सुमारे १५ डॉलर, बालसखीचा सव्वादोन. हा स्वस्ताईचा आकडा परिषदांमध्ये फार मिरवला जातो. मला तो खुपतो, कारण त्यामागे महिना ५०० ते ७५० रुपयांवर शिकवणाऱ्या मुली आहेत.

उपक्रम थांबल्यावर वर्षभरात फायदाही ओसरला, जेमतेम ०.१० उरला. मग हेच काम नेहमीच्या शिक्षकांनी शाळेतच का करू नये? बिहारमध्ये २००८च्या उन्हाळी शिबिरात सरकारी शिक्षकांनी या पद्धतीने शिकवलं आणि मुलांचं वाचन सुधारलं. शाळा भरल्यावर प्रशिक्षण आणि साहित्य हाताशी असूनही काही हललं नाही. शिक्षक पुन्हा पोर्शनकडे वळले होते. पुढे हरियाणात रोजचा एक तास वेळापत्रकातच वेगळा काढला. त्या तासाला तिसरी ते पाचवीची मुलं इयत्ता विसरून, ज्याला जेवढं वाचता येतं त्याप्रमाणे गट करून बसायची. शिकवायला सरकारी शिक्षकच होते, आणि या खेपेला मुलांचं हिंदी सुधारलं.